वासराचं पथ्य

पंजाबराव उंद्रीचे. आजूबाजूच्या आठ-दहा गावांत त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि ते डॉक्टर नाहीत हे त्या आठ-दहा गावांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चिखलीत एका माणसांच्या डॉक्टरकडे ते चौदा वर्षं कंपाउंडर होते. तो डॉक्टर म्हातारा होऊन मुलाकडे पुण्याला निघून गेला, तेव्हा पंजाबरावांकडे एक बॅग, एक स्टेथोस्कोप आणि सुई टोचायला बसलेला हात एवढं उरलं. माणसं तक्रार करतात, जनावरं करत नाहीत. म्हणून ते जनावरांकडे वळले. हे मी कुत्सितपणे म्हणतोय असं वाटेल, आणि म्हणतोच आहे. पण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझाही हात आहे.

माझं नाव सईद. चिखलीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी रक्त तपासायची लॅब आहे. बावीस वर्षं झाली. माणसांची लॅब, मशीन माणसांचं, कॉम्प्युटरमधला फॉर्म माणसांचा. पंजाबराव म्हशीचं, बैलाचं, बकरीचं रक्त काचेच्या नळीत घेऊन, ती नळी ओल्या रुमालात गुंडाळून मोटारसायकलवर माझ्याकडे आणायचे. मी मशीनला लावायचो. रक्त ते रक्त, असं मी तेव्हा मानत होतो. फॉर्मवर नाव टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकत नाही, म्हणून मी ‘श्री. बैल’ किंवा ‘सौ. म्हैस’ असं टाकायचो. लॅबमध्ये बसलेले पेशंट हसायचे. पंजाबराव हसायचे नाहीत. त्यांच्यासाठी तो कागद म्हणजे कोर्टाचा निकाल होता.

त्यांचं वाचन सोपं होतं. माझ्या फॉर्मवर प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो किती असावा ते छापलेलं असतं आणि त्याच्यावर गेलेला आकडा आपोआप ठळक अक्षरांत येतो. पंजाबराव ठळक तेवढं वाचायचे. बाकीचा कागद त्यांच्या लेखी कोरा.

माणूस खोटा नव्हता, हे सांगायलाच हवं. खोटा असता तर ही गोष्ट एवढी वाईट झाली नसती. जनावराशी बोलल्याशिवाय ते सुई काढायचे नाहीत. ‘माय, जरासक दुखन, सोस’, असं गाईला सांगायचे. आणि त्यांचा सगळा जीव होता लिव्हरवर. जनावर लंगडत असो की खात नसो, यांना आधी लिव्हर दिसायचं. त्यालाही कारण होतं. सोळाव्या वर्षी त्यांना जबर कावीळ झाली होती. त्यांच्या आईनं चाळीस दिवस दूध, तूप, तेल, हळद घरात शिरू दिली नाही. उसाचा रस आणि फुटाणे, बस. त्याच गल्लीतला त्यांच्याच वयाचा दुसरा एक जण दूधभात खात राहिला आणि मेला. पंजाबराव जगले. तेव्हापासून पथ्य हा त्यांचा धर्म झाला. देवाला हात जोडताना मी त्यांना क्वचितच पाहिलं, पण ‘लिव्हरवर दूध म्हणजे विष’ हे वाक्य ते कुराणातल्या आयतीसारखं म्हणायचे.

तर उंद्रीतच शालूबाईचं घर. मुलगा भागवत, सून पूनम. पूनम सुलतानपूरची. लग्नाला चार वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती आणि अकराव्या दिवशी गेली. बाळंतपणात पहिले तीन दिवस शालूबाईनं पूनमचं दूध पिळून मोरीत टाकलं होतं. ‘पह्यलं दूध घाण असते, पोराले बाधते’, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, म्हणून तिनं सुनेला सांगितलं. पोरीला बोटानं मध आणि गुळाचं पाणी चाटवलं. पोरगी पातळ हागू लागली आणि सुकत गेली. गेल्यावर शालूबाई गल्लीला म्हणाली, ‘हिच्या हाताले यश नाही.’ पुढं कधीतरी अंगणवाडीच्या बाईनं पूनमला सांगितलं की ते पहिलं दूधच बाळाला वाचवतं. हे कळून पूनमनं कोणाशी भांडण केलं नाही. ते तिनं मनात धरून ठेवलं.

तिच्या वडिलांनी, मोतीरामनी, तिचं मन रमावं म्हणून एक तांबडी गाभण गाय सुलतानपूरहून पाठवली. गाय पूनमची. तिला दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही; शालूबाईला तर तिनं दोनदा लाथ मारली होती. होणारं वासरू आपल्या हाताखाली जगलं पाहिजे, एवढंच पूनमला हवं होतं. ते जगलं असतं तर हाताला यश नाही हे शब्द कोणाला तरी गिळावे लागले असते. सगळं होतं ते त्या एका वासरावर.

गाय व्याली ती मकरसंक्रांतीनंतर, एका दुपारी. कालवड झाली. आमच्या भागात गाय व्याली की पहिल्या दिवसांचा चीक वासराला तोंड लावण्यापुरता आणि बाकीचा खरवसासाठी. गल्लीत वाटीवाटीनं खरवस जातो. ज्या घरून येत नाही त्या घराचं नाव लक्षात राहतं. शालूबाईनं आठ घरांना आधीच सांगून ठेवलं होतं, भावालाही चिखलीहून बोलावलं होतं. वेलची कुटून तयार होती. शालूबाई शेतात हरभऱ्यात होती. निरोप मिळून ती घरी येईपर्यंत दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत पूनमनं कालवडीचं तोंड चारी सडांना लावलं. थकून ती बसली की पुन्हा उभी केली. कालवडीचं पोट नगाऱ्यासारखं झालं. शालूबाई बादली घेऊन गोठ्यात आली आणि तिनं पूनमला धार काढायला बसवलं, तेव्हा गाय एक तांब्याभर चीक देऊन थांबली.

संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही पूनमनं तेच केलं. आठ घरांना खरवस गेला नाही. भाऊ चहा पिऊन परत गेला. शालूबाईनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, ‘पाज, पाज. तुही पोर आहे ते.’

हे सगळं मला नंतर कळलं, थोडं पंजाबरावांकडून, थोडं भागवतकडून. माझ्यापर्यंत आधी आली ती काचेची नळी.

तिसऱ्या दिवशी कालवड पिवळं आणि पातळ हागली. भरपूर चीक प्यायलेलं वासरू पिवळंच हागतं, हे आज मला ठाऊक आहे. पंजाबरावांनी पिवळा रंग पाहिला आणि त्यांना आपलं सोळावं वर्ष आठवलं. पूनमनं दारात आणून धरलेल्या कालवडीची पापणी त्यांनी ओढून पाहिली, तिथंही त्यांना पिवळं दिसलं. मानेतून रक्त काढलं आणि अर्ध्या तासात ते माझ्या दारात हजर. फॉर्मवर मी नाव टाकलं ‘कु. कालवड’, वय तीन दिवस.

लिव्हरच्या तपासणीत जीजीटी म्हणून एक आकडा असतो. माणसात तो पन्नास-पंचावन्नच्या आत असायला हवा. पिणाऱ्या माणसांत दोनशे, तीनशे होतो. कालवडीचा आला नऊशे चौदा. मी मशीन बिघडलं समजून पुन्हा लावलं. पुन्हा नऊशे चौदा. बाकीचेही दोन-तीन आकडे वर होते. कागद छापून आला तेव्हा त्यावर साध्या अक्षरांपेक्षा ठळक अक्षरं जास्त होती.

मी पंजाबरावांना म्हणालो, “एवढा आकडा मी फक्त दारुड्यात पाह्यला, पंजाबभाऊ. काय पाजून राह्यले तिले?”

लॅबमधले लोक हसले. मला लोक हसले की बरं वाटतं, हा माझा जुना रोग. पंजाबरावांचा चेहरा उतरला होता. कागद त्यांनी घडी न करता दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “जगन का हो, सईदभाई?”

“ते तुम्ही सांगा. डॉक्टर तुम्ही.”

एवढं मी बोललो. वासराचा आकडा किती असावा, हे मला माहीत नाही, असं एक वाक्य मला बोलता आलं असतं. ते मला खरंच माहीत नव्हतं. पण बावीस वर्षांच्या लॅबवाल्याच्या तोंडून ‘माहीत नाही’ निघायला फार जोर लागतो.

पंजाबराव सरळ शालूबाईच्या गोठ्यात गेले आणि कागद वाचून दाखवला. नऊशे चौदा, पाहिजे पंचावन्न. माझं वाक्यही त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, दारुड्याचं. विनोद म्हणून नाही, दाखला म्हणून. लिव्हर फुटायला आलं आहे, ते म्हणाले, जास्तीच्या चिकानं. आता दुधाचा थेंब नको. ग्लुकोजचं पाणी, उसाचा रस, वरून लिव्हरचं टॉनिक.

शालूबाई भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, “म्या म्हटलंच होतं.” तिनं काही म्हटलं नव्हतं.

आता प्रश्न आला वासराला गाईपासून तोडायचा. गोठा एवढासा, गाय दावं तोडून येणारी. पंजाबरावांनी बारदानाचा तुकडा आणि सुतळी मागवून तोंडावर बांधायचं मुसकं शिवलं, खळ्यातल्या बैलाला बांधतात तसं, लहान. बांधायला भागवत पुढं झाला तर गाईनं त्याला भिंतीवर दाबलं. पंजाबराव पूनमला म्हणाले, “माय, हे तुलेच करा लागन. गाय दुसऱ्या कोणाले जवळ येऊ देत नाही. आन दुसऱ्याच्या हातानं बांधलेलं तू सोडशीन, मले माहीत आहे. स्वतःच्या हातानं बांधलेलं सोडणार नाही.”

पूनमनं विचारलं, “भुकेनं नाही ना मरन?”

“उपाशी कोणी मरत नाही इतक्या लवकर. म्या चाळीस दिवस काढले. दुधानं मरन. कागद पाह्य ना.”

तिनं कागद पाहिला. बारावी शिकलेली आहे ती, आकडा तिला कळत होता. तिनं कालवडीचं तोंड मांडीवर घेतलं आणि मुसकं बांधलं.

पंजाबरावांचं एक मात्र खरं. ते रोज दोनदा यायचे, एकदाही चुकले नाहीत. स्वतःच्या हातानं उसाचा रस गाळून पाजायचे. कालवड रस पिऊन जास्तच पातळ हागायला लागली तर म्हणायचे, ‘घाण निघून राह्यली.’ गाय हंबरून हंबरून घोगरी झाली. तिच्या कासेत दूध मावत नव्हतं, ते सडांतून जमिनीवर गळायचं. शालूबाईनं चौथ्या दिवसापासून पूनमकडून ते काढून घेऊन त्याचा खरवस लावला. उशिरा का होईना, आठ घरांना वाट्या गेल्या.

पूनम गोठ्यात बसून असायची. पाणी पाजायला मुसकं काढलं की कालवड तिची बोटं चोखायची, पदराचं टोक चोखायची. पूनम पदर सोडवून घ्यायची आणि मुसकं परत बांधायची. गल्लीतल्या बायका दारातून डोकावून जायच्या. एकीनं विचारलं, ‘काऊन वो, उतरली का कालवडीची?’ माझा विनोद इतक्या लांब पोहोचला होता. सगळी गल्ली तिला दारुडी कालवड म्हणत होती.

सहाव्या दिवशी पंजाबरावांनी पुन्हा रक्त आणलं. जीजीटी चारशे अठ्ठ्याऐंशी. अर्ध्यावर आलेला. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या टेबलावर हात आपटला आणि डोळे पुसले, अगदी खरोखर. म्हणाले, “पथ्य, सईदभाई. दवाई नाही, पथ्य.”

मीही खूश झालो. माणसातही असंच होतं. दारू सोडली की आकडा उतरतो. सगळं जुळत होतं. कालवड उठून उभी राहते का, हे मी विचारलं नाही. आकडा उतरल्यावर विचारायचं कशाला?

कालवड सहाव्या दिवशी उठणं बंद झाली होती. भागवतनं सांगितलं म्हणून पंजाबरावांनी तिला उचलून उभी करून पाहिली आणि ती चारी पाय पसरून खाली बसली. ते म्हणाले, अशक्तपणा असतोच, लिव्हर भरून येतं तेव्हा सगळी ताकद तिथं जाते. कागद हातात होता. सुधारणा कागदावर होती. वासरू काय दाखवतं आहे याला मग किंमत उरली नाही.

पूनमनं त्यांना एकदा विचारलं, “थोडं पाजू का? घोटभर?”

पंजाबराव रागावले नाहीत. ते तिच्याजवळ खाली बसले आणि त्यांनी तिला आपल्या आईची गोष्ट सांगितली. चाळीस दिवस लेकरू दुधासाठी रडत होतं, पण बाईनं मन घट्ट केलं. “तिनं मन घट्ट केलं म्हणून म्या तुह्यापुढं बसलो आहे. तू एकदा जास्तीची माया केली. आता नको करू.”

तिनं घोटभरही पाजलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिसरी नळी आली. जीजीटी दोनशे साठ. पंजाबरावांनी माझ्या बाकावर बसूनच भागवतला फोन लावला आणि लॅबमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “दोनशे साठ! आठ दिवसांत नॉर्मल करतो. काय म्हणतो?”

पलीकडून भागवत काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पंजाबराव म्हणाले, “कधी?” मग म्हणाले, “पण रिपोर्ट त चांगला आहे.” मग फोन खिशात ठेवला आणि कागदावरचे ठळक आकडे पुन्हा वाचले. नळीतलं रक्त घेऊन ते निघाले, त्यानंतर पाऊण तासात कालवड गेली होती.

कालवड गाडली त्या दिवशी शालूबाई अंगणात उभी राहून म्हणाली, “एक पोर खाल्ली, आता कालवड. जास्तीचं पाजून मारली. मह्या घरात आता हिच्या हातानं पाणीबी नको.” भागवत मधे पडला नाही. तो मधे पडत नाही. त्याच्याबद्दल मी एवढंच सांगू शकतो. चार दिवसांनी मोतीराम येऊन पोरीला आणि गाईला सुलतानपूरला घेऊन गेले. ‘थोडे दिवस’ म्हणून. होळी गेली, पाडवा गेला, कोणी आणायला गेलं नाही.

आणि पंजाबराव? त्यांनी तिन्ही रिपोर्ट लॅमिनेट करून घेतले. बॅगेत ठेवले आणि गावोगाव दाखवू लागले. नऊशे चौदा, चारशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे साठ. पथ्यानं लिव्हर कसं उतरतं पाहा. आपल्याला बोलवायला जरा उशीर झाला, नाहीतर वासरू हातात होतं. चीक लिव्हरला जड असतो, पाजू नका. लोकांना हे ऐकायला आवडलं. खरवस करायला आता डॉक्टरांची परवानगी होती.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे वासरांचं रक्त बरंच आलं. पंजाबरावच आणायचे. जीजीटी बारा. जीजीटी अठरा. जीजीटी नऊ. एकही अक्षर ठळक नाही. मी कागद देताना म्हणायचो, एकदम स्वच्छ रिपोर्ट आहे. पंजाबराव कागद घ्यायचे आणि डोकं खाजवायचे. “रिपोर्ट स्वच्छ येऊन राह्यला आन वासरं हागून हागून मरून राह्यली. काय समजत नाही बुवा.”

माझी पुतणी सफा परभणीला जनावरांच्या डॉक्टरीचं शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. सुटीत घरी आली तेव्हा एक दुपार लॅबमध्ये बसली होती. मी तिला गंमत म्हणून दारुड्या कालवडीचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर काढून दाखवला. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं वय पाहिलं, आकडा पाहिला.

“चाचा, इस बछडी को तो किसी ने पेट भर के चीक पिलाया है,” ती म्हणाली. “बहोत अच्छे से पाली होगी. बची ना?”

मी ठळक आकड्यावर बोट ठेवलं. तिनं मग समजावून सांगितलं. जीजीटी गाईच्या चिकातच भरपूर असतं. पहिल्या दिवशी वासराच्या आतड्यातून चीक जसाच्या तसा रक्तात उतरतो आणि त्याच्याबरोबर हेही उतरतं. लिव्हरशी त्याचा काही संबंध नाही. वासरू प्यायलं की आकडा वर. मग रोज आपोआप खाली येतो, दूध पाजा की उपाशी मारा. वासराचा आकडा मोठा असेल तर समजायचं की वासराला आईचं कवच, म्हणजे रोगाशी लढायची ताकद, मिळालं. “जिसका कम आए, उसकी फिकर करना,” सफा म्हणाली.

मी तिला बारा, अठरा आणि नऊ दाखवले नाहीत. कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी उंद्रीला गेलो. पंजाबराव ओट्यावर बसून सुया उकळत होते. मी सगळं सांगितलं, सफानं सांगितलं तसं. सांगून झाल्यावर म्हणाले, “ठळक तुम्ही छापलं होतं, सईदभाई.”

“हाव.”

“म्या वाचलं.”

“हाव.”

त्यांनी चूल विझवली. बॅगेतून ते लॅमिनेट केलेले तीन कागद काढले, कात्रीनं कापायला गेले तर कात्री चालेना. शेवटी विळ्यानं त्यांनी त्याच्या पट्ट्या केल्या. मला आत कुठंतरी समाधान वाटलं, हे लपवत नाही. एवढे दिवस मी एकटाच जळत होतो असं नाही, फक्त एक दिवस झाला होता, पण सोबत मिळाली.

मग ते म्हणाले, “तुम्ही आता सुलतानपूरले जासान.”

मी म्हणालो, हो, जाणार. त्या पोरीचा काही दोष नव्हता, हे तिला कळायला पाहिजे.

“नका जाऊ.”

“तुमची इज्जत जाईन म्हणून?”

“मही गेली त गेली. गावभर सांगा, म्या उद्यापासून चीक पाजा म्हणून सांगतो. पण त्या पोरीले नका सांगू. तिले आता वाटते, कालवड बिमार होती, आपली माया जास्तीची झाली. त्याच्यावर ती जगू शकते.” ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. “मुसकं तिच्या हातानं बांधलं म्या.”

मी मनात म्हणालो, बघा, कातडी वाचवायची कशी सोय लावतो आहे. या माणसानं आयुष्यात प्रत्येक कागद चुकीचा वाचला, आता हेही चुकीचंच वाचणार. आणि मी त्याच आठवड्यात मेहकरमार्गे सुलतानपूरला गेलो. जाण्याआधी तो रिपोर्ट नव्यानं छापला. सफाकडून वासरांचे आकडे लिहून घेतले, फॉर्म बदलला. नव्या कागदावर नऊशे चौदा साध्या अक्षरांत आला. तो कागद मी पाकिटात घातला, चांगल्या पाकिटात.

मोतीराम शेतात होते. पूनम गोठ्याजवळ शेण भरत होती. तांबडी गाय तिथंच होती. मी ओळख सांगितली. तिनं हात धुऊन मला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. मी उत्साहात होतो, हे आता आठवलं की माझा मलाच राग येतो. तुझं काही चुकलं नाही, मी म्हणालो. कालवड ठणठणीत होती. तू पाजलं ते बरोबर होतं, तो आकडा म्हणजे तुझ्या पाजण्याची पावती होती. आम्ही उलटा वाचला. दोष आमचा.

तिनं पदराला हात पुसले. मग विचारलं, “म्हणजे कालवड बिमारच नव्हती?”

“नाही, बाई. एकदम चांगली होती.”

“मंग ते मेली कशानं?”

सुलतानपूरपर्यंत एवढ्या रस्त्यात मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. मी काहीतरी अशक्तपणाबद्दल बोलायला लागलो. तिनं मला थांबवलं.

“भुकेनं ना?”

मी मान हलवली.

ती गाईकडे वळली आणि तिच्या पाठीवरचा गोचीड काढून पायाखाली दाबला. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, “मह्या पदराले चोखे ते. मले वाटे, बिमारीनं करते.”

मी म्हणालो, मी तुझ्या सासरी जातो, शालूबाईला, भागवतला, सगळ्या गल्लीला समोर बसवून सांगतो. कागद घेऊन आलोय. पाकीट पुढं केलं.

तिनं ते घेतलं नाही. “तिथं मले काय म्हणतेत सध्या?”

मला खोटं बोलता आलं नाही. “जास्तीचं पाजून मारली म्हणतेत.”

“मंग तेच म्हणू द्या,” पूनम म्हणाली. “उपाशी मारली, हे नका सांगू कोणाले. हात जोडते, भाऊ.”

तिनं खरंच हात जोडले. मग शेणाची पाटी उचलून ती मागच्या बाजूला गेली. मी तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायलो आणि मेहकरच्या गाडीची वाट पाहत रस्त्यावर येऊन बसलो. पाकीट खिशातच होतं.